जुन्या वॅगनआरचे मागचे आर्म बुश वर्षभरात परत फाटले, कारण शोधतोय

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर २००८, पेट्रोल, नंतर बसवलेलं सीएनजी किट, एमएच ०४ पासिंग. २०२३ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा पुढच्या पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून घेतलंय कारण इंजिन ठणठणीत आहे आणि उंच सीटमुळे आई-बाबांना चढाय-उतरायला हीच गाडी बरी पडते. त्यामुळे "विकून टाका" सोडून काहीही सुचवा.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी मागून धडधड यायला लागली म्हणून गॅरेजमध्ये मागच्या आर्मचे (एक्सलला बॉडीशी जोडणारे दांडे) बुश (सांध्यातले रबरी तुकडे) आणि लॅटरल रॉडचे (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) बुश सगळे नवीन टाकून घेतले. गॅरेजचं नाव घेत नाही, मला भांडण नकोय, कारण हवंय. सुरुवातीचे काही महिने गाडी मस्त होती, दिवाळीनंतर हळूहळू परत तेच सुरू झालं आणि आता घोडबंदरला मेट्रोच्या कामाच्या तिथे रस्ता जो खालीवर झालाय त्यावरून गेलं की मागून ठक ठक, गायमुखच्या घाटात तर सलग. आणि पाम बीच रोडवर स्पीडमध्ये लेन बदलली की पुढचा भाग वळतो आणि मागचा जरा उशिरा येतो, ते मला जास्त खटकतंय.

चाक काढून टॉर्चने बघितलं. आर्मचा पुढचा बुश, जो बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये बसतो, त्यात मधली स्टीलची नळी आणि रबर यांच्यामध्ये फट पडलीय, नख सहज आत जातं, आणि खालच्या बाजूला तांबडी पावडर साचलीय. दोन्ही बाजूंना तसंच, ड्रायव्हर साइडला जास्त. वर्षभरात रबराचं हे होतं का? माल डुप्लिकेट असेल का? पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारख्या रबराचे) टाकावेत का? जाणकारांनी सांगा.

सानपाडा_७०५

आधी स्टेपनी, जॅक, पाने सगळं काढून ठेवा आणि एक चक्कर मारा. मागची सीट लॉकमध्ये नीट बसलीय ना तेही बघा, सायलेन्सरचे रबर हँगर पण. माझ्या गाडीत मी शॉकअप बदलायला निघालो होतो आणि आवाज जॅकचा निघाला.

कासारवडवलीकर

केलंय दादा, डिकी रिकामी करून बघितलं. आणि बुश तर डोळ्यांनी फाटलेला दिसतोय.

खारघर_टेकडी

माल डुप्लिकेटच असणार. हल्ली पाकीट हुबेहूब असतं. चांगल्या बुशमध्ये रबर स्टीलला चिकटवून भाजलेलं असतं त्यामुळे कडेला कुठेच फट नसते आणि आतली नळी हाताने फिरवून बघितली तर फिरत नाही. डुप्लिकेटमध्ये कडेलाच सुटलेलं दिसतं. पुढच्या वेळी दुकानातच पाकीट फोडून बघा.

रबाळे_टूलरूम

वीस वर्षं टीटीसी एमआयडीसीत प्रेस आणि डाय-मोल्डवर काम करतोय, त्यात रबर मोल्डिंगपण येतं, त्यामुळे या विषयात जरा जीव आहे. डुप्लिकेट म्हणून मोकळं होण्याआधी दोन गोष्टी सांगा. एक, चिरांचा जवळून फोटो टाका, रबरात चिरा सरळ आहेत का तिरक्या, आणि डाव्या-उजव्या बाजूला कशा फिरल्यात. दुसरं, बुश टाकले तेव्हा नट आवळताना गाडी कशावर होती, दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लटकत होती का जमिनीवर उभी होती.

कासारवडवलीकर

फोटो टाकलेत. चिरा तिरक्या आहेत, स्क्रूच्या आट्यांसारख्या, आणि डावी बाजू उजव्या बाजूचं आरशातलं प्रतिबिंब आहे.

मी तेव्हा तिथेच उभा होतो. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर होती, चाकं लटकत होती, एअर गनने नट आवळले आणि गाडी खाली उतरवली. अजून एक, त्याच आठवड्यात सीएनजीची टाकी हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) गेली होती, म्हणजे डिकीत टाकीपण नव्हती. याचा संबंध असेल का?

रबाळे_टूलरूम

आहे, आणि तुमचं उत्तर बहुतेक यातच आहे. सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की बुश बेअरिंगसारखा फिरतो. हा रबरी बुश फिरत नाही. बाहेरचं कवच आर्मच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) प्रेसने ठोकून घट्ट बसवलेलं, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटच्या दोन कानांत आवळून धरलेली, आणि मधलं रबर दोघांनाही चिकटलेलं. चाक खालीवर होतं तेव्हा आर्म जो कोन बदलतो तो सगळा रबराच्या पिळातून जातो. म्हणूनच तिथे ग्रीस लागत नाही, आणि कुणी हौसेने इंजिन ऑइल मारलं तर नैसर्गिक रबर फुगून खराबच होतं.

आता नट ज्या क्षणी आवळला त्या क्षणी आर्मचा जो कोन असेल तो त्या रबराचा शून्य झाला. चाकं लटकत असताना आवळलं तर लटकलेली अवस्था शून्य. गाडी खाली उतरवली की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं, आणि गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी तो पीळ तसाच राहतो, टॉवेल पिळून तसाच धरून ठेवावा तसा. हिशोब करून बघा. समजा आर्म ४५ सेंटीमीटर लांब आहे आणि लटकल्यावर एक्सल ९ सेंटीमीटर खाली जातो, तर कोन होतो साधारण साडेअकरा अंश. म्हणजे खड्ड्यात जायच्या आधीच रबर साडेअकरा अंश पिळलेलं, त्यात खड्ड्यात चाक वर गेलं की त्याच दिशेने आणखी. शून्य बरोबर जागी असता तर तेच रबर थोडं वर थोडं खाली असं दोन्हीकडे गेलं असतं आणि अनेक वर्षं टिकलं असतं. (४५ आणि ९ हे आकडे समजावायला घेतलेत, तुमच्या गाडीवर टेप लावून बघा.)

टाकीचं म्हणाल तर ६० लिटरची लोखंडी टाकी पन्नास-साठ किलोची असते, तिने मागची बाजू फार तर दीड-दोन सेंटीमीटर बसते. मुख्य नुकसान लटकत्या चाकांनी केलं, टाकीने त्यात भर घातली. पण सीएनजीवाल्यांनी हे कायम लक्षात ठेवावं, तुमच्या गाडीची नेहमीची उंची म्हणजे टाकी बसवलेली उंची, त्यामुळे टाकी जागेवर असतानाच शेवटचं आवळायचं.

तिरक्या आणि आरशातल्यासारख्या चिरा म्हणजे पिळाने फाटलंय. रबर कच्चं असतं तर चिरा वेड्यावाकड्या असत्या किंवा चिकटवलेला भाग एका बाजूने सोलला गेला असता. तांबडी पावडर म्हणजे रबर गेल्यावर स्टीलवर स्टील घासतंय आणि तो कीस गंजतोय.

खारघर_टेकडी

हे पटलं. दोन्ही बाजूंना सारखंच फाटलंय हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, कच्चा माल असता तर दोन्हीकडे असं जुळलं नसतं.

कासारवडवलीकर

रबाळे दादा, खूप आभार. एक विचारतो, लॅटरल रॉडचे बुश अजून फाटलेले दिसत नाहीयेत. तेही त्याच दिवशी तसेच आवळले होते. बदलावेच लागतील का?

रबाळे_टूलरूम

लगेच नाही. गाडी चारही चाकांवर उभी असताना नट थोडा सैल करा, बोल्ट काढायचा नाही, नुसता सैल. पीळ साठलेला असेल तर नळी आपोआप फिरून जागेवर येते, कधीकधी 'टक' असा आवाजपण येतो. मग तिथेच मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या ठरलेल्या जोराला) आवळा. ज्यांनी नुकतेच बुश टाकलेत आणि शंका आहे त्या सगळ्यांनी हे करून घ्यावं, पैसे जवळपास लागत नाहीत आणि चांगला बुश वाचतो.

ऐरोलीची_अनघा

मी आणि माझ्या भावाने आमच्या अल्टोचं हे काम सोसायटीच्या पोडियमवर केलंय, त्यामुळे ज्यांना घरी करायचंय त्यांच्यासाठी लिहिते.

सगळ्यात आधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या आणि दोन्ही बाजूंची मापं फेंडरवर मास्किंग टेप चिकटवून त्यावरच लिहून ठेवा. नंतर गाडी घोडीवर (उचललेली गाडी धरून ठेवणारं लोखंडी स्टँड) घेतली, काम केलं, बोल्ट हाताने बसवले, की जॅक एक्सलखाली लावून हळूहळू उचलायचा आणि ते माप परत येईपर्यंत उचलायचा, तीच गाडीची उभी राहायची उंची. ते माप जुळत येतं तेव्हाच गाडीचं वजन घोडीवरून सुटायला लागतं, तिथे थांबायचं, एक दांडाही जास्त मारायचा नाही. तेव्हा कुणीही गाडीखाली डोकं घालायचं नाही, बाजूने लांब पान्याने आवळायचं.

पोडियमवर पेव्हर ब्लॉक आहेत. घोडीचे पाय छोटे असतात आणि ब्लॉक एकेक करून खाली बसतात, एका पायाखालचा ब्लॉक बोटभर खचलेला आम्ही वेळेत बघितला. तेव्हापासून घोडीखाली जाड प्लायचा तुकडा टाकल्याशिवाय काम नाही. आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके, कारण मागे काम करताना हँडब्रेकचा काही उपयोग नसतो, तो मागच्याच चाकांना लागतो.

एक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी पाइपवर लटकू देऊ नका. पाइप जिथे क्लिपमध्ये अडकवलेला असतो तिथली क्लिप काढून ठेवली की पुरेशी ढील मिळते, पाइप खोलला नाही तर ब्रेकमधली हवा काढायचीही भानगड नाही.

सानपाडा_७०५

ताई, जबरदस्त. माझ्यासारख्याने ज्याच्याकडे घोडी वगैरे काही नाही त्याने काय करावं? गॅरेजवाल्याला सांगितलं की खाली उतरवून आवळ तर म्हणतो खाली उतरवल्यावर पाना जात नाही.

ऐरोलीची_अनघा

त्याचं बरोबर आहे, जमिनीवर खरंच पाना जात नाही. ज्या गॅरेजमध्ये खड्डा आहे तिथे करा, किंवा अलाइनमेंटवाल्याकडे जा. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते आणि खालून माणूस आरामात उभा राहतो. अलाइनमेंट तर करायचंच असतं, आधी पाच मिनिटं नट आवळून घ्यायचे. गॅरेजमध्ये फक्त हलकेच आवळायला सांगा आणि सावकाश तिथवर न्या, गॅरेज आणि अलाइनमेंट जवळजवळ असलेलं बघा.

माजिवडा_जंक्शन

पॉलियुरेथेनबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या मित्राने टाकलेत, गाडी एकदम टाइट झालीय म्हणतो. मी तर वागळेला लेथवर नायलॉनचे बुश टर्न करून टाकणार होतो, आयुष्यभर बघायला नको.

रबाळे_टूलरूम

नायलॉन कृपया नको. रेसिंग करणाऱ्यांच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे पॉलियुरेथेनचा उपयोग आहे, पण तुम्ही रोज आई-वडिलांना घेऊन घोडबंदरवरून जाणार. पॉलियुरेथेन चिकटवलेलं नसतं, ते नळीवर फिरतं, त्यामुळे हा पिळाचा प्रश्न त्यात येत नाही हे खरं, पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि आपल्या पावसात, चिखलात ते धुऊन गेलं की कुरकुर सुरू.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुन्या वॅगनआर, अल्टोसारख्या गाड्यांत मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असं झालं की एक्सल तिरका होतो आणि आर्मला नुसतं खालीवर नाही, आडवंही थोडं वाकडं व्हावं लागतं. रबर ते वाकडेपण देतं. नायलॉन देत नाही, मग सगळा जोर ब्रॅकेटवर आणि बॉडीच्या वेल्डवर येतो. बुश फाटला तर बुश बदलता येतो, सतरा वर्षांच्या पत्र्यातला ब्रॅकेट फाटला तर पुढे काय करणार?

कोपरी_ब्रिज

बोल्टचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, वेळ सगळा तिथेच जातो. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाणी, त्यात बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव होतो. नट सुटतो, बोल्ट फिरतोपण, आणि माणूस खूश होतो की सुटला, पण तो नळीसकट रबर पिळत फिरत असतो, बाहेर येतच नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत. नट परत दोन-तीन आटे बसवून मगच त्यावर ठोका म्हणजे आटे मरत नाहीत. तरी नाही आला तर ब्रॅकेट आणि बुशच्या मधल्या फटीत हेक्सॉ ब्लेड घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, नवीन बोल्ट-नट आधीच आणून ठेवायचे.

आणि गॅस कटर लावू देऊ नका. पेट्रोलची टाकी तिथेच वर मागच्या सीटखाली असते, ब्रेकच्या लाइनीही बाजूने जातात. "एका मिनिटाचं काम आहे" म्हणतील, हात जोडून नाही म्हणायचं.

कासारवडवलीकर

अपडेट. काम झालं.

कोपरी दादा, तुम्ही लिहिलं तसंच, ड्रायव्हर साइडचा बोल्ट नळीला धरून बसला होता, तो कापावाच लागला, दुसरा ठोकल्यावर आला. आर्म काढून वागळे इस्टेटला प्रेसवाल्याकडे नेले. जाण्याआधी जुना बुश डोळ्याच्या कडेपासून किती बाहेर आहे ते मोजून घेतलं होतं आणि आर्मवर मार्करने खूण केली होती, हे बरं झालं, कारण त्याने लगेच विचारलं की किती दाबू.

तिथला माणूस कामाला फार चोख. जुना बुश काढल्यावर डोळ्याच्या आत पॉलिश पेपर फिरवून गंज काढला, कडेची बोट लागेल अशी धार घासून घेतली, साबणाच्या पाण्याचा हात फिरवला आणि नवीन बुशवर एक जाड पाइपचा तुकडा ठेवला जो बरोबर बाहेरच्या कवचावर बसत होता. मी विचारलं मधे दाबलं तर काय होईल, तर म्हणाला मधे दाबलं की जोर रबरातून जातो आणि बुश बसायच्या आधीच आतून सुटतो. कवच एकाच सपाट आवाजात आत गेलं, कुठे अडखळलं नाही.

गाडीवर आर्म चढवून बोल्ट हलके आवळले, सीएनजीची टाकी जागेवर, आणि जवळच्याच अलाइनमेंटच्या रॅम्पवर नेऊन तिथे टॉर्क रेंचने आवळून घेतलं. लॅटरल रॉडचे नट आधी सैल केले तर एकीकडून खरंच आवाज आला आणि नळी फिरलेली दिसली! ते बुश राहू दिलेत.

गाडी आता गप्प आहे. पाम बीचवर मुद्दाम जाऊन आलो, लेन बदलताना मागचा भाग पुढच्याबरोबरच येतो.

माजिवडा_जंक्शन

अभिनंदन. मी नायलॉनचा विचार सोडला. बुश फ्रीजरमध्ये ठेवून टाकला तर सोपा जातो असं वाचलंय, कोणी केलंय का?

रबाळे_टूलरूम

चालतं, पण फार अपेक्षा नको. ४० मिलिमीटर व्यासाचं स्टील ४५ अंशांनी थंड केलं तर व्यास सुमारे ०.०२ मिलिमीटर कमी होतो. प्रेसवाल्याने डोळा साफ केला आणि बुश सरळ धरला तर त्यापेक्षा जास्त फरक पडतो.

कासारवडवलीकर, अलाइनमेंटचा रिपोर्ट जपून ठेवा. मागे अखंड एक्सल असल्याने तिथे ॲडजस्ट करायला काही नसतं, पण रिपोर्टमध्ये थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या सरळ रेषेपासून किती वाकडी जातात तो कोन) येतो, तो शून्याच्या जवळ असेल तर मागचा एक्सल सरळ बसलाय. पुढे कधी स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं धरावं लागलं तर नवीन रिपोर्ट काढून याच्याशी ताडून बघा. आणि पाचेकशे किलोमीटर झाले की नट एकदा टॉर्कला तपासा, तेही चाकांवर उभी असतानाच.

कासारवडवलीकर

रिपोर्ट कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलाय. नट तपासले की इथे लिहितो.

नेरूळ_पश्चिम

धागा वर काढतोय, सॉरी. माझी २००६ ची स्विफ्ट आहे, मागे आर्म वेगळे नाहीत, टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पिळला जाणारा एकच अख्खा तुकडा) आहे. हेच सगळं लागू होतं का?

रबाळे_टूलरूम

नट आवळायचा नियम तोच, उभ्या उंचीवर. फरक दोन. बीममध्ये बुश बीमच्याच डोळ्यात असतो, त्यामुळे बीमचं पुढचं टोक खाली सोडून जागेवरच खेचणीने बुश काढतात किंवा अख्खा बीम उतरवून प्रेसवर नेतात, म्हणून मजुरी जास्त पडते. दुसरं, बीमच्या बुशमध्ये रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, पुढे-मागे मऊ आणि आडवं कडक राहावं म्हणून, तेव्हा तो डोळ्यात कोणत्या दिशेला बसलाय याला महत्त्व आहे. तो थोडा फिरून बसला तरी गाडी वेगळी वागते. जुना काढायच्या आधी पोकळ्या कुठे येतात त्याची खूण बीमवर पंचने करा, मार्कर पुसला जातो.

नेरूळ_पश्चिम

खूण करून फोटो इथे टाकतो, तुम्ही बघून सांगा मगच प्रेसवाल्याकडे जाईन.

रबाळे_टूलरूम

टाका. दोन्ही बाजूंचे टाका, आणि नवीन बुशचापण शेजारी ठेवून.